मिंडन (युद्धनौका)

ब्रिटिश शाही नौदलाची ७४ तोफांची, दोन तोफमजल्यांची शिडाची युद्धनौका. मुंबईच्या डंकन गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ती मलबारी सागात बांधली आणि १९ जून १८१० रोजी ती पाण्यात उतरली. तिचे नाव जर्मनीतील मिंडन येथे १७५९ मध्ये झालेल्या लढाईवरून ठेवले गेले. मुंबईत त्याआधी फ्रिगेटी, म्हणजे एका मुख्य तोफमजल्याच्या चपळ नौका, तयार झाल्या होत्या. परंतु शत्रूसमोर एकामागे एक रांग धरून लढणाऱ्या मोठ्या नौकांपैकी शाही नौदलासाठी इथे बांधलेली ही पहिली.

पश्चिम किनाऱ्यावरचे कारागीर फळ्यांच्या कडा केवळ एकीला एक भिडवीत नसत, तर खाच पाडून एकमेकींत बसवीत आणि सांध्यात राळ व कापूस भरीत. सागातील तेलामुळे लोखंडी खिळ्यांना गंज कमी लागे. ओक लाकडातील आम्ल मात्र लोखंड खाऊन टाकी.  

नौकेची पहिली मोहीम जावा बेटावरची. १८११ च्या जुलैअखेरीस तिच्यावरील लेफ्टनंट एडमंड लायन्स याने दोन होड्यांतून जेमतेम ३५ माणसे नेऊन मेराकचा ५४ तोफांचा किल्ला रात्रीच्या अंधारात काबीज केला. हाच लायन्स पुढे क्रिमियन युद्धात काळ्या समुद्रातील ब्रिटिश आरमाराचा प्रमुख झाला.

मिंडनची खरी कसोटी २७ ऑगस्ट १८१६ रोजी अल्जीयर्सला लागली. तेथील राजवटीने ख्रिस्ती कैद्यांना गुलाम करण्याची प्रथा सोडावी यासाठी लॉर्ड एक्समथ ब्रिटिश आरमार घेऊन गेला होता व एक डच तुकडी त्याच्या साथीला होती. किनाऱ्यावर मारा करण्यासाठी खास बांधलेल्या चार नौकाही ताफ्यात होत्या. त्यांच्यावर उखळी तोफा असत. त्यांचा स्फोटक गोळा उंच कमान घेऊन तटाच्या पलीकडे पडे. मिंडनसारख्या नौकेच्या तोफा याउलट समोर थेट मारा करीत, त्यामुळे तिला बुरुजांच्या माऱ्यात जवळ जाऊन, नांगर टाकून, एका जागी खिळून लढावे लागे. दुपारी तीनच्या सुमारास सुरू झालेली ही लढाई रात्री उशिरापर्यंत चालली. उखळी नौकांनी ९६० गोळे टाकले, तर ताफ्यातील इतर तोफांनी ५०,००० हून अधिक. हे आकडे शेजारी ठेवले म्हणजे भार कोणी उचलला ते स्पष्ट होते. मिंडनवरील ७ जण ठार व ३७ जखमी झाले. सुमारे ३,००० गुलामांची सुटका झाली.

या नौकेविषयी एक कथा मुंबईत फार प्रेमाने सांगितली जाते: फ्रान्सिस स्कॉट की याने पुढे अमेरिकेचे राष्ट्रगीत झालेली कविता मिंडनवर लिहिली. ती सोडून देणे भाग आहे. सप्टेंबर १८१४ मध्ये बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर सुमारे २५ तास मारा झाला, तो ‘टेरर’, ‘मीटिऑर’, ‘व्होल्कॅनो’ आदी उखळी नौकांनी आणि अग्निबाण सोडणाऱ्या ‘इरेबस’ने केला. की हा मारा पाहत होता तो तहाचे निशाण लावलेल्या अमेरिकन नौकेवरून. मिंडनला या उसन्या मानाची गरजही नाही. अल्जीयर्सचा दिवस तिचा स्वतःचा आहे.

१८४२ पासून ती हाँगकाँगच्या बंदरात तरंगते रुग्णालय म्हणून उभी राहिली. त्याच वर्षी २९ ऑगस्टला ब्रिटन व चीन यांच्यातील नानकिंगचा तह ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर झाला. तीही याच वाडियांच्या हातची, १८१३ मधली. मिंडन १८६१ मध्ये हाँगकाँगलाच विकली गेली. त्याच हातांनी घडवलेली ‘ट्रिंकोमाली’ (१८१७) मात्र इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली असून तिचे सागवान आजही पाहता येते.