सिकलसेलचं कार्ड आणि ते समजावणारं माणूस

डहाणू-तलासरीकडच्या बीएस्सीवाल्यांना 'जेनेटिक कौन्सेलिंग'मध्ये एमएस्सी करायचं असेल, तर तयारी कुठून करायची? माझं म्हणणं, आधी या कामाचा इतिहास वाचा. बायोलॉजीचं पुस्तक आहेच.

सुरुवात शिकागोपासून. १९१० साली जेम्स हेरिक नावाच्या डॉक्टरांनी एका तरुणाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्याचं छापलं. सिकल म्हणजे विळा. १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींच्या रक्तातही त्या सापडल्या. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी दाखवलं, की हे जनुक एकाच पालकाकडून आलं तर ते मलेरियापासून वाचवतं. म्हणजे मलेरियाच्या मुलखात ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलं, ते उपयोगी पडलं म्हणून. यात कुणाचं पाप नाही, कुणाचा शाप नाही.

'जेनेटिक कौन्सेलिंग' हा शब्द १९४७ चा, अमेरिकेतल्या शेल्डन रीड यांचा. त्याआधी तिथे 'वंश सुधारायचा' म्हणून हजारो लोकांची जबरदस्तीने नसबंदी झाली होती. रीड यांना ती वाट नको होती. माहिती द्यायची, निर्णय कुटुंबाचा, असं त्यांचं म्हणणं. १९६९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजात याचा पहिला पदव्युत्तर कोर्स सुरू झाला.

आणि तरीही घोळ झालाच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या काही राज्यांनी कृष्णवर्णीयांची सिकलसेल तपासणी सक्तीची केली. तपासणी झाली, समजावणं राहिलं. 'वाहक' म्हणजे आजारी नव्हे, हेच लोकांना कळलं नाही. धडधाकट माणसांना नोकरी, विमा नाकारला गेला. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीची दारं वाहकांना १९८१ पर्यंत बंद होती.

आता आपल्याकडे या. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ७ कोटी लोकांची तपासणी करायची, २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं लक्ष्य. तपासलेल्याला कार्ड मिळतं. समजा, वारली घरातल्या एका मुलीच्या कार्डावर 'वाहक' आलं आणि तिचं लग्न ठरतंय. घरात कुजबुज सुरू होते. कार्ड बोलत नाही, कुणीतरी बोलावं लागतं.

काय बोलायचं? ती आजारी नाही. नवरा वाहक नसेल आणि त्याला आजारही नसेल, तर मुलांना हा आजार होणार नाही. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता २५ टक्के. प्रत्येक वेळी, बरं का! 'पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढची तीन बरी' असा हिशोब चालत नाही. आणि हे सांगून झालं, की गप्प बसून त्यांचं ऐकायचं. लग्न करा किंवा करू नका, हे आपण सांगायचं नाही.

म्हणून तयारी अशी करा. जेनेटिक्स आणि संभाव्यता पक्की करा. आपल्याच घराची तीन पिढ्यांची वंशावळ काढून बघा. आशाताईंची परवानगी घेऊन त्यांच्यासोबत पाड्यावर जा, त्या कसं बोलतात ते ऐका. आणि घरात वारली बोलत असाल, तर ती बोली लपवू नका. '२५ टक्के' म्हणजे काय, हे आजीला तिच्या बोलीत सांगता येणारं माणूस शहरातून आणणं अवघड आहे. ते तुम्ही होऊ शकता.

भेटू पुढच्या भागात!