एका श्रेयाची परतफेड

शास्त्राच्या इतिहासांत शोध कोणीं लाविला या प्रश्नाइतकाच, त्याचें श्रेय कोणीं कोणास दिलें हा प्रश्नहि बोधप्रद असतो. अपत्यहीनतेवरील उपचारांच्या इतिहासांतील असेंच एक प्रकरण आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

स्त्रीच्या शरीरांत दरमहा सामान्यतः एकच बीज पक्व होतें. हें कार्य मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या स्रावांनीं चालतें. एक स्राव बीजाची वाढ करवितो, दुसरा पक्व बीज मोकळें करवितो. असे स्राव बाहेरून दिल्यास एकदम अनेक बीजें हातीं लागतात. ऋतुनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रांतून तसें औषध १९४९ सालीं इटलींत पिएरो डोनिनी यांनीं वेगळें काढिलें.

बीजाचें फलन शरीराबाहेर घडविण्यासाठीं इंग्लंडांत एडवर्ड्स व स्टेप्टो यांनीं प्रथम हींच औषधें योजिलीं. परंतु गर्भ टिकेना. अखेर औषधें सोडून त्यांनीं निसर्गदत्त एकाच बीजावर भिस्त ठेविली, आणि २५ जुलै १९७८ रोजीं अशी पहिली बालिका जन्मली. त्याच वर्षीं ३ ऑक्टोबरला कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांनीं दुसरी जन्मली. मुखोपाध्यायांनीं औषधें सोडिलीं नव्हतीं. औषधांच्या चक्रांत गर्भाशय गर्भास अनुकूल राहत नाहीं, हें जाणून त्यांनीं गर्भ गोठवून ठेविला व पुढील नैसर्गिक ऋतुचक्रांत त्याची स्थापना केली.

पश्चिम बंगाल सरकारनें नेमिलेल्या समितीनें हा दावा अमान्य केला. परदेशीं जाऊन तो मांडण्याची अनुज्ञाहि त्यांस मिळाली नाहीं. १९ जून १९८१ रोजीं त्यांनीं आत्महत्या केली. त्याच डिसेंबरांत अमेरिकेंत अशी पहिली बालिका जन्मली, ती बीजकोशास उद्दीपित करणाऱ्या औषधांच्याच साहाय्यानें!

मुंबईस डॉ. टी. सी. आनंद कुमार व डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनीं ६ ऑगस्ट १९८६ रोजीं के. ई. एम. रुग्णालयांत जन्मलेली कन्या भारतांतील पहिली गणली गेली. पुढें मुखोपाध्यायांचीं टिपणें आनंद कुमारांच्या हातीं आलीं. तीं अभ्यासून त्यांनीं १९९७ सालीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत लिहिलें कीं, हा मान मुखोपाध्यायांचाच होय.

बीजकोशाचें उद्दीपन व गर्भाचें शीतरक्षण आज जगभर रूढ आहे. मुखोपाध्यायांस तें पाहावयास मिळालें नाहीं. विद्यार्थ्यांस त्यांचें नांव आपण अवश्य सांगावें. पण स्वतःकडे आलेला मान ज्यानें परत केला, त्याचेंहि नांव सोबत सांगावें, असें आम्हांस वाटतें.