धरणांची नदी आणि स्थलांतर करणारा मासा : स्नेक नदीतील चिनूक सॅल्मनच्या बदलत्या जीवनक्रमाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
धरणांचा इतिहास सामान्यतः सिंचन, वीज व जलवाहतूक यांच्या संदर्भात लिहिला जातो. नदीतील जीवसृष्टीची नोंद त्यात 'झालेले नुकसान' एवढ्याच सदराखाली होते. परंतु स्थलांतर करणारे मासे बदललेल्या नदीला प्रतिसाद देतात आणि काही पिढ्यांत त्यांचा जीवनक्रमही बदलू शकतो. अमेरिकेच्या वायव्य भागातील स्नेक नदीत शरद ऋतूत परतणारा चिनूक सॅल्मन हे याचे ठळक उदाहरण होय. या माशाच्या जीवनक्रमातील बदलाचा धरणांच्या इतिहासाशी असलेला संबंध तपासणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

मूळ जीवनक्रम :
स्नेक ही कोलंबिया नदीची सर्वांत मोठी उपनदी. चिनूक सॅल्मन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि काही वर्षांनी जन्मस्थानी परतून अंडी घातल्यावर मरण पावतो. सुमारे ६५ मीटर उंचीच्या शोशोन धबधब्यापर्यंत त्याचा संचार होता. धबधब्याखालील भागात अनेक झरे नदीला मिळत असल्याने हिवाळ्यातही तेथील पाणी तुलनेने उबदार राही. त्यामुळे पिल्ले अंड्यांतून लवकर बाहेर पडत, झपाट्याने वाढत आणि उन्हाळ्यात नदी तापण्यापूर्वीच, वयाचे वर्ष पूर्ण होण्याआधी, समुद्राकडे निघत.

या माशावर नेझ पर्स व इतर आदिवासी जमातींचा आहार, व्यापार व धर्मविधी आधारलेला होता. १८५५ च्या करारांत त्यांनी विस्तीर्ण भूप्रदेश सोडला. मात्र परंपरागत ठिकाणी मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला.

धरणांचे पर्व :
१९०१ मध्ये स्वान फॉल्स धरणाने वरच्या पात्राची वाट अडवली. पुढे ब्राउनली (१९५८), ऑक्सबो (१९६१) व हेल्स कॅन्यन (१९६७) ही धरणे उभी राहिली. ब्राउनली जलाशयातून समुद्राकडे निघालेली पिल्ले जाळ्यांनी गोळा करण्याचा प्रयोग फसला व तो १९६० च्या दशकात सोडून द्यावा लागला. झऱ्यांच्या पाण्याचे समृद्ध प्रजननक्षेत्र अशा रीतीने कायमचे तुटले. १९६२ ते १९७५ या काळात खालच्या पात्रात आइस हार्बर, लोअर मॉन्युमेंटल, लिटल गूज व लोअर ग्रॅनाइट ही आणखी चार धरणे झाली. त्यांना मत्स्यमार्ग होते. तथापि वाहत्या नदीच्या जागी संथ जलाशयांची साखळी निर्माण झाली. १९९० मध्ये लोअर ग्रॅनाइट येथे नैसर्गिक पैदाशीचे केवळ ७८ प्रौढ मासे पोहोचल्याची नोंद आहे. १९९२ मध्ये या माशाला कायद्याने संकटग्रस्त ठरविण्यात आले.

जीवनक्रमातील बदल :
उरलेल्या प्रजननक्षेत्रांत, विशेषतः क्लिअरवॉटर या उपनदीत, पाणी अधिक थंड असल्याने पिल्ले उशिरा जन्मतात व सावकाश वाढतात. जुन्या वेळापत्रकानुसार निघणे त्यांना शक्य होत नाही. अशी काही पिल्ले जलाशयांतच हिवाळा काढतात आणि पुढील वसंत ऋतूत, आकाराने मोठी होऊन, समुद्रात जातात. या बदलाचा पुरावा माशाच्या अंगावरच सापडतो. झाडाच्या खोडाप्रमाणे खवल्यावरही वाढीची वलये उमटतात. परतलेल्या प्रौढांची खवले तपासता त्यांतील लक्षणीय भाग वर्षभर थांबून गेलेल्यांचा असल्याचे आढळले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या प्रकारास 'जलाशयी' असे संबोधण्यात आले.

हा बदल केवळ परिस्थितीजन्य आहे की आनुवंशिक, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. थंड पाण्यातील मंद वाढ हे त्याचे एक कारण निश्चितच आहे. तथापि उशिरा निघणारी पिल्ले अधिक जगत असतील, तर तोच गुण पुढील पिढ्यांत वाढत जातो. उत्क्रांतीचाही यात वाटा असावा, असे अभ्यासकांचे मत आहे.

निष्कर्ष :
मत्स्यबीज केंद्रांच्या मदतीने २०१० नंतरच्या काही वर्षांत परतणाऱ्या माशांची संख्या ५० हजारांवर गेली. नेझ पर्स जमातीने २००२ मध्ये सुरू केलेल्या केंद्राचाही त्यात वाटा आहे. परंतु यांतील बरेच मासे केंद्रांतील पैदाशीचे होते, आणि तुटलेले प्रजननक्षेत्र परत मिळालेले नाही. म्हणून अनुकूलन म्हणजे पुनरुज्जीवन नव्हे. 'मासा जुळवून घेतो, मग धरण निरुपद्रवी' हा युक्तिवाद इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. कारण जुळवून घेतलेल्या मूठभरांमागे न परतलेल्या असंख्यांचा इतिहास आहे. खालच्या चार धरणांच्या भवितव्याबाबत डिसेंबर २०२३ मध्ये संघराज्य सरकार, दोन राज्ये व चार जमाती यांच्यात झालेला समझोता जून २०२५ मध्ये सरकारने मागे घेतला. त्यामुळे १८५५ च्या कराराने दिलेला हक्क कागदावर अबाधित असला, तरी तो बजावण्यास नदीत मासा उरेल काय, हा प्रश्न कायम आहे.