धनुष्कोडी: रूळ कुठे थांबले

यूट्यूबवर धनुष्कोडी टाकलं की ‘भुताचं गाव’ छाप व्हिडिओंची रांग लागते. पडक्या चर्चवरून ड्रोन फिरतो आणि गोष्ट ठरलेली असते: १९६४च्या वादळानं गाव गिळलं. मला ही गोष्ट अर्धी वाटते. स्टेशन वादळानं पाडलं खरं, पण बंद केलं ते माणसांनी.

मुळात रामेश्वर बेटाच्या टोकाला, वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर स्टेशन कशाला हवं होतं? १९१४ साली पांबनचा पूल झाला आणि रेल्वे बेटावर पोचली. पांबनला रुळांना दोन फाटे फुटायचे. एक रामेश्वरला, साधारण १० किलोमीटर. दुसरा धनुष्कोडीला, २४ किलोमीटर. मद्रासच्या एग्मोरहून सुटणारी बोट मेल या दुसऱ्या फाट्यानं जायची. पुढे धक्क्यावरून आगबोटीनं तलैमन्नार, आणि तिथून पुन्हा रेल्वेनं कोलंबो. सगळा प्रवास एकाच तिकिटावर! सिलोनच्या चहामळ्यांत राबायला गेलेले हजारो तमिळ मजूर याच वाटेनं गेले. त्याआधी त्यांना मंडपमच्या छावणीत क्वारंटाइनमध्ये राहावं लागे. काशी-रामेश्वर करणारे आपल्याकडचे यात्रेकरूही सेतूच्या स्नानाला इथे यायचे.

२२ डिसेंबर १९६४च्या रात्री पांबनहून निघालेली ६५३ नंबरची पॅसेंजर धनुष्कोडीच्या तोंडाशी असताना लाटेखाली गेली. ११० प्रवासी, ५ रेल्वे कर्मचारी. कुणीही वाचलं नाही. विनातिकीट बसलेले या आकड्यात नाहीत.

पांबनच्या पुलाचे शंभराहून जास्त गर्डरही वाहून गेले होते. दुरुस्तीला आधी सहा महिने ठरले, मग तीन. ३२ वर्षांच्या ई. श्रीधरन यांच्या टीमनं समुद्रात पडलेले गर्डर शोधून, उचलून पूल ४६ दिवसांत उभा केला. (हो, कोकण रेल्वेवाले श्रीधरन.) मनात आणलं तर रेल्वे काय करू शकते, ते इथे दिसतं. धनुष्कोडीच्या बाबतीत तिनं मनात आणलं नाही.

कारण साधं होतं. सरकारनं गाव राहण्यास अयोग्य ठरवलं आणि सिलोनची बोट रामेश्वरहून सुटू लागली. बोटच नाही तर त्या फाट्याचं काय काम? इंजिनिअर म्हणून मला हा निर्णय पटतो. त्या पट्टीवर पुन्हा रूळ टाकणं म्हणजे पुढच्या वादळाला आमंत्रण. पुढे लंकेतल्या यादवीत ती बोटही १९८०च्या दशकात थांबली.

पण ‘अयोग्य’ गावात मच्छीमार परत आले. त्यांचं काम आगबोटीवर नव्हतं, समुद्रावर होतं, आणि तो तिथेच होता. २०१७ मध्ये टोकापर्यंत डांबरी रस्ता झाला. २०१९ मध्ये रामेश्वर-धनुष्कोडी नव्या रेल्वेमार्गाची पायाभरणीही झाली. त्या कुटुंबांच्या झोपड्या अजून वाळूतच आहेत. प्यायला पाणी हवं तर वाळूत हातभर खड्डा खणतात. दोन्हीकडे खारा समुद्र, तरी त्या खड्ड्यात गोडं पाणी लागतं.