ओळीचं टोकन

बँकेत मिळालेल्या टोकनचा नंबर काम होईपर्यंत आपलाच असतो. रांगेतला नंबर मात्र पुढचा माणूस गेला की बदलतो. संगणकातल्या ओळींचे नंबरही असेच दोन जातींचे आहेत.

आधी आलं ते टोकन. प्रोग्रॅमची एकेक ओळ एकेका पंचकार्डावर असे. कार्डाच्या ८० रकान्यांपैकी शेवटचे आठ, ७३ ते ८०, अनुक्रमांकासाठी राखलेले. गठ्ठा हातातून सुटून विस्कटला तरी नंबर बघून पुन्हा लावता येई. १९६४च्या बेसिक भाषेतही नंबर ओळीला चिकटलेलाच. मध्ये ओळ घुसवायला जागा राहावी म्हणून लोक १०, २०, ३० असे नंबर देत.

१९६०च्या दशकाच्या मध्याला बर्कलीत बटलर लॅम्पसन आणि पीटर डॉइच यांनी क्यूईडी हा मजकूर लिहिण्या-बदलण्याचा प्रोग्रॅम, म्हणजे एडिटर, घडवला. त्यात ओळ कितवी, हे यंत्रच मोजू लागलं; नंबर आता रांगेतला झाला. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी १९६९मध्ये युनिक्स या कार्यप्रणालीसाठी लिहिलेला 'ईडी' याच घराण्यातला. समोर पडदा नव्हता, टेलिटाइप होता. मॉडेल ३३ टेलिटाइप कागदावर सेकंदाला दहा अक्षरं छापे. ७२ अक्षरांच्या भरगच्च शंभर ओळींना बारा मिनिटं लागत. म्हणून हवं तेवढंच मागायचं: '५,१०' आणि पुढे प्रिंटचा 'पी'. चालू ओळीला टिंब, शेवटच्या ओळीला डॉलरचं चिन्ह.

मग १९७३-७४च्या सुमारास बेल लॅब्जमधल्याच ली मॅकमेहन यांनी 'सेड' लिहिलं. आज्ञा बऱ्याचशा ईडीच्याच, पण सेड सगळी फाइल हाताशी धरून बसत नाही. ओळी एकामागून एक त्याच्यासमोरून जातात आणि येतानाच प्रत्येकीला नंबर मिळतो. एकापाठोपाठ दोन फायली दिल्या आणि पहिलीत १०० ओळी असल्या, तर दुसरीची पहिली ओळ १०१वी.

फरक करून बघावा. ईडीत पाचवी ओळ काढा, मग सहावी काढा: मूळची पाचवी आणि सातवी जाते, कारण पाचवी जाताच मागच्या सगळ्या एकेक पाऊल पुढे सरकल्या. सेडला एकाच फेरीत त्याच दोन आज्ञा द्या: मूळची पाचवी आणि सहावीच जाते. रांगेतला नंबर पुन्हा टोकन झाला.

आजच्या विम या एडिटरमध्ये अपूर्णविरामानंतर नंबर टाकतो तेव्हा आपण ईडीच्याच रांगेत असतो. तिथे नंबरानं ओळी काढायच्या तर खालून वर यावं. मग वरचे नंबर जागचे हलत नाहीत.