डुक्कर फियाट आणि जुहूची हवा

जुहूत इटालियन गाड्यांना कधीच तोटा नव्हता. त्यांना इटालियन म्हणावं, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. सिग्नलला एखादी लॅम्बोर्गिनी येऊन गुरगुरली की आमच्या सोसायटीतली पोरं कठड्यावरून लोंबकळून मोबाइल सरसावतात. तिच्या मागे भोंगा वाजवत उभी असलेली रिक्षाही मुळात त्याच मुलुखातली, हे त्यांना सांगून पटत नाही. पियाज्जिओ कंपनीसाठी कोराडिनो द'आस्कानिओ नावाच्या विमानं बनवणाऱ्या इंजिनिअरने १९४६ मध्ये व्हेस्पा काढली आणि दोन वर्षांनी तिलाच तिसरं चाक लावून 'आपे' काढली. बजाजने १९६० च्या सुमारास तो परवाना घेतला आणि पुढे आपल्या उपनगरांना रिक्षा मिळाली. भांडुपला एपीआयच्या कारखान्यात लॅम्ब्रेटा तयार व्हायची, ती मिलानची. काळी-पिवळी टॅक्सी तर थेट तुरीनची. म्हणजे माझ्या लहानपणी जुहू तारा रोडवर उभं राहून हात केला, तर थांबणारं जवळपास प्रत्येक वाहन वंशाने इटालियन होतं. बेस्टची बस तेवढी साहेबाची.

माझा जीव जडला तो चारचाकीवर, आणि तोही गाडी बघण्याआधी, आजोबांच्या तोंडून ऐकून. त्यांच्या गोष्टीत राक्षस-बिक्षस नसायचे, डुक्कर फियाट असायची. १९५३ मध्ये इटलीत आलेली फियाट ११००, म्हणजे 'मिलेचेंतो', वर्षभरात आपल्याकडे आली. पुढून बुटकं नाकाड, मागून गोल पाठ, एकूण बांधा गुबगुबीत. मुंबईने तिचं बारसं दुसऱ्याच दिवशी उरकलं असावं. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, बिजागऱ्या मधल्या खांबाला. आजोबांचं म्हणणं, त्या गाडीतून उतरणारी बाई सिंहासनावरून उतरल्यासारखी दिसायची, आणि पुढे दरवाजे सुलटे झाले तेव्हा गाडी सोयीची झाली पण रुबाब गेला. आजीचं मत वेगळं. 'चालत्या गाडीत कुणी चुकून कडी ओढली तर वाऱ्याने दार उपटून निघेल, रुबाब कसला त्यात!' दोघांकडेही त्या काळी गाडी नव्हती, हे इथे सांगायला हवं.

तेव्हाचं जुहू म्हणजे माड, वाळू, कोळीवाडा, एका अंगाला १९२८ सालापासूनचं विमानतळ आणि किनाऱ्याला तुरळक बंगले. रविवारी गावातले लोक, म्हणजे वांद्र्यापलीकडचे, समुद्रावर यायचे ते गाडी थेट वाळूत घालायचे. भरती चढली की चाकं रुतत. मग कोळ्यांची पोरं आठ-आठ आणे ठरवून ढकलायला धावत. आजोबांच्या हिशेबाप्रमाणे डॉज किंवा प्लिमथ रुतली तर दहा जण लागत, डुक्कर फियाट चौघांत निघे. ११०० पहिल्यांदा त्यांच्या मनात भरली ती या कारणाने. मला हे गाडीचं परीक्षण करण्याचं उत्तम परिमाण वाटतं. हल्लीची मासिकं शून्यावरून शंभराला किती सेकंद लागले ते छापतात, वाळूतून काढायला किती माणसं लागली ते छापत नाहीत.

डॉज, प्लिमथ आणि फियाट एकाच दारातून बाहेर पडायच्या, हे मला मामाआजोबांनी सांगितलं. आईचे मामा कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये होते, पेंट शॉपमध्ये. त्यांच्या दृष्टीने भारताचा औद्योगिक इतिहास सोलापूरला सुरू होऊन कुर्ल्याला संपायचा, कारण वालचंद हिराचंद जन्मले सोलापूरला. 'शेटजींना तीनच गोष्टी करायच्या होत्या,' ते बोटांवर मोजत सांगत, 'जहाज, विमान आणि मोटार.' जहाजं सिंदिया कंपनीची, १९१९ ची. विमानाचा कारखाना १९४० मध्ये बंगळुरात, आज ज्याला एचएएल म्हणतात तो. आणि १९४४ मध्ये प्रीमियर. इंग्रज सरकारने मोटारीच्या बाबतीत मनापासून हात दिला नाही. सुरुवात अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून झाली. मग फियाटशी जमलं आणि आधी 'तोपोलिनो' नावाची चिमुकली ५००, पाठोपाठ ११०० आली. दोन्हींचा कर्ता फियाटचा दान्ते जिआकोझा. वालचंद मात्र १९५३ मध्येच गेले. आपल्या कारखान्यातली ११०० मुंबईच्या रस्त्यावर धावताना त्यांना पाहायला मिळाली नाही. मामाआजोबांना ही गोष्ट सांगताना दर वेळी चहा लागायचा.

सुरुवातीला गाडी सुट्या भागांत, लाकडी खोक्यांतून यायची. ती खोकी फोडून फळ्या निघत, आणि मामाआजोबांच्या चाळीतल्या खोलीत त्यातल्याच काहींचा देव्हारा होता. लहानपणी मी त्याच्या मागे सुपारी शोधायला शिरलो तेव्हा फळीवर शाईचे शिक्के दिसले होते, अर्धवट पुसलेले: वरती बाण, खाली 'तोरिनो'. गणपती आणि अन्नपूर्णा तुरीनच्या फळीला टेकून बसले होते, आणि मामीआजी रोज तिला हळदीकुंकू लावायची.

सरकारने १९५० च्या दशकात धोरण ठरवलं की नुसती जुळणी करणाऱ्यांना इथे जागा नाही, भाग इथेच बनवायचे असतील तर राहा. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये गाशा गुंडाळून गेली, फोर्डही गेली. उरल्या मोजक्या. त्यांत मुंबईची ११०० आणि कलकत्त्याची अँबॅसडर. मग किमती सरकारने बांधल्या, नोंदणी करा आणि वर्षानुवर्षं थांबा अशी पद्धत पडली. नव्या गाडीपेक्षा हातात असलेली जुनी गाडी महाग, हा चमत्कार फक्त आपल्याच देशात घडला असेल. बाबा त्या काळाविषयी बोलताना लालबहादूर शास्त्रींचा दाखला द्यायचे. पंतप्रधान असताना त्यांनी बारा हजारांची फियाट घेतली आणि त्यासाठी बँकेकडून पाच हजारांचं कर्ज काढलं. ते गेल्यावर त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी ते पेन्शनमधून फेडलं. 'देशाच्या पंतप्रधानाला जे परवडलं नाही ते मला कसं परवडेल?' असं म्हणून बाबांनी पुष्कळ वर्षं आईची समजूत काढली.

अखेर आमच्या दारात आली ती जुनी डिलाइट. एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं बदलत १९६४ मध्ये मुंबईत डिलाइट आली. ११०० ची ही चौकोनी, शेपटाशी हलके पंख असलेली आवृत्ती. तिचं सगळ्यात मोठं भांडवल म्हणजे ती पारशाची होती. जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत 'पारशी मालक' हे शब्द असले की भाव चढतो, तो आजही. म्हातारे पारशी गृहस्थ किल्ली देताना बाबांना म्हणाले होते, 'एने धीमे धीमे चलावजो, डिकरा.' बाबांनी ते इतकं मनावर घेतलं की मागचे टॅक्सीवाले त्यांना रोज आईबहिणीवरून आशीर्वाद देत.

ती गाडी चालवायला मी शिकलो. गिअर स्टिअरिंगच्या दांडीला, ज्याला सगळे हँडगिअर म्हणत. त्यामुळे पुढे सलग बाकासारखी सीट, आणि बाबा, आई यांच्यामध्ये मी. सकाळी चोक ओढायचा, इंजिन जरा तापलं की आत सारायचा. आत सारायला विसरलात तर पेट्रोल पिऊन गाडी गुदमरायची. काचेच्या पुढच्या कोपऱ्यात तिकोनी क्वार्टर ग्लास असे. ती वळवली की वारा नेमका तुमच्या तोंडावर. एअर कंडिशन नसलेल्या गाडीत जुहूची संध्याकाळ अशी हाताने फिरवून घेता यायची. मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात मात्र पेट्रोल पाइपमध्येच वाफ धरायचं आणि गाडी बसायची. मग बॉनेट उघडून फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि कठड्यावर बसून करवंदं खायची. फियाटवाल्या प्रत्येक कुटुंबाकडे त्या घाटातला एक ठरलेला कठडा असतो.

पण जुहूत राहून गाडी पाळणं म्हणजे खाऱ्या हवेशी संसार. इंजिनाचं सोडा, १०८९ सीसीचं ते इंजिन गल्लीतला कुठलाही मिस्त्री डोळे मिटून खोलायचा. मरायचा तो पत्रा. दाराच्या खालच्या कडा, मडगार्डच्या आतला भाग आणि पायाखालचा फ्लोअर. आधी रंगाला फोड यायचा, अगदी कांजिण्यांसारखा बारीक. आमचे इर्ल्याचे मिस्त्री त्यावर अंगठ्याने दाबत आणि आत 'कुर्र' असा आवाज झाला की मान हलवत. फोड फोडला की खाली पिवळट भुगा. मग तेवढा भाग कापायचा, नवा तुकडा गॅसने जोडायचा, पुटी, पेपर मारायचा, रंग. पावसाळ्याआधी जुनं काळं इंजिन ऑइल ब्रशने सगळ्या पोटाला फासायचं. एवढं करूनही एका जूनमध्ये ड्रायव्हरच्या पायाजवळून रस्ता दिसू लागला. आईला त्यातून डबक्याचं पाणी उडायचं ते नको होतं, मला त्यातून पळणारा रस्ता बघायला आवडायचं. मिस्त्रींचं निदान साधं होतं: 'समुद्राला लोखंड आवडतं, साहेब. तुम्ही घर बदला नाहीतर फ्लोअर बदला.' आम्ही फ्लोअर बदलत राहिलो.

मधल्या काळात फियाटशी करार संपला. १९७२ मध्ये गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली, १९७४ मध्ये 'पद्मिनी'. चितोडच्या राणीचं नाव लागलं, पण लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. पद्मिनीविषयी हल्ली जो गहिवर दाटून येतो तो मला सगळा पचत नाही. इटलीत जी गाडी १९६६ मध्ये मोडीत निघाली ती आपण २००० पर्यंत बनवली, यात अभिमान वाटावा असं काय? दुसरी मिळतच नव्हती म्हणून आपण तिच्यावर प्रेम केलं. श्रेय द्यायचं तर कुर्ल्याच्या हातांना द्यावं, इर्ल्याच्या अंगठ्याला द्यावं. मामाआजोबांना हे एकदा म्हटलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, 'आम्ही तर ती विकतसुद्धा घेऊ शकलो नाही रे. मी जन्मभर रंग मारला आणि जन्मभर लोकलने गेलो.'

माझ्या स्वतःच्या गाड्यांचं सांगायचं तर पद्मिनी झाली, मग ११८ एनई. हिचं अंग फियाट १२४ चं, जी १९६७ मध्ये युरोपातली 'वर्षाची गाडी' ठरली होती आणि रशियात जाऊन लाडा झाली. इंजिन मात्र जपानी निस्सानचं. त्यानंतर उनो, पुढे पालिओ. पालिओची जाहिरात सचिन करायचा, त्यामुळे घरात विरोध झाला नाही. त्याच फियाटने २००२ मध्ये, ब्रॅडमनच्या २९ शतकांशी त्याने बरोबरी केल्यावर, सिल्व्हरस्टोनला शूमाकरच्या हस्ते त्याला लाल फेरारी ३६० मोदेना दिली. आयात शुल्काच्या माफीवरून वादंग झाला आणि शेवटी एक कोटीच्या वरची ती रक्कम फियाटने भरली. त्या आठवड्यांत आमच्या कट्ट्यावर प्रत्येक जण कस्टमचा जाणकार होता. पालिओनंतर लिनिया. शेजाऱ्यांनी डिझेलची स्विफ्ट घेऊन तिच्या ॲव्हरेजची टिमकी वाजवायला सुरुवात केली तेव्हा त्यातलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन मूळ फियाटचंच आहे, हे सांगण्याचं सुख मी सोडलं नाही. फियाटने आपल्याकडचा गाशा गुंडाळला तेव्हा त्यांनी मला त्याची आठवण करून दिली. फिटंफाट झाली.

कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागी आता कोहिनूर सिटी उभी आहे, रस्त्याच्या नावात तेवढं प्रीमियर उरलंय. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती मुंबईच्या रस्त्यावरून नियमानेच उतरली. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर निरोप दिला. माझी पद्मिनी खासगी असल्याने तिला हा नियम नाही. पुनर्नोंदणी, पीयूसी आणि फ्लोअर, एवढं सांभाळलं की झालं.

हल्ली तिला मागणी येते ती लग्नाआधीच्या फोटोंसाठी. किनाऱ्यावर सूर्यास्त, पुढे पद्मिनी, तिच्यावर रेललेलं जोडपं. परवा असाच एक नवरदेव आत डोकावून म्हणाला, 'काका, गिअर दिसत नाही. ऑटोमॅटिक आहे का?' मी हँडगिअर दाखवला. 'कूल आहे हं,' म्हणाला आणि तो धरून फोटो काढून घेतला.

सुट्या भागांसाठी मी अजून कालिना-कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जातो. गाड्या जन्मल्या त्याच परिसरात त्या चिरून विकल्या जातात. पूर्वी इथे फियाटचे दरवाजे भिंतीला ढिगाने टेकलेले असत आणि भाव किलोवर ठरे. आता तो दुकानदार एकेक हँडल काचेच्या कपाटात ठेवतो. क्वार्टर ग्लासचं रबर मागितलं तर त्याने आधी विचारलं, 'बेचनी है क्या?' आकडा सांगितला तो मी घेतली त्याच्या कितीतरी पट. मी रबराचा भाव विचारला. 'अँटिक आयटम है,' म्हणत त्याने तोही तसाच सांगितला. घासाघीस केली, पाव किंमत तोडली आणि दोन रबरं घेतली. गाडीला एकच हवं होतं, दुसरं पुढच्या पावसाळ्यासाठी.