रेवडी कोणाची?

इंग्रजीतल्या ‘लॅम्पून’ला मराठी प्रतिशब्द म्हणून ‘विडंबन’ सहज सुचतो. अनुवादक म्हणून मला तो पटत नाही. विडंबनात अनुकरण असते. केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहात इतर कवींच्या लकबी, शब्दकळा उचललेली दिसते, म्हणून ते विडंबन. लॅम्पूनला अनुकरणाची गरज नसते. त्याला हवा असतो एक माणूस, शक्यतो ओळखू येणारा.

हा शब्द सतराव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आला. ‘लाँपाँ’, म्हणजे ‘चला, ढोसू या’, या मद्यगीतांतल्या पालुपदावरून तो पडला असावा, असे कोशकार सांगतात. दुसऱ्या चार्ल्सच्या लंडनमध्ये मात्र तो मैफलीपुरता उरला नाही. दरबारी मंडळींची अब्रू काढणाऱ्या निनावी कविता हस्तलिखितांतून हातोहात फिरत. लेखक सापडत नसे. संशय कोणावरही घेता येई.

१८ डिसेंबर १६७९च्या रात्री राजकवी जॉन ड्रायडनला कॉव्हेंट गार्डनमधल्या रोझ ॲलीत काही जणांनी बेदम मारले. अशाच एका कवितेचा संशय हे त्याचे कारण मानले जाते. ती कविता आज अर्ल ऑफ मलग्रेव्हची समजतात. हल्लेखोरांची माहिती देणाऱ्यास ५० पौंडांचे इनाम जाहीर झाले. त्यांना पाठवले कोणी, हे कधीच सिद्ध झाले नाही.

ड्रायडन स्वतः काही साधा बळी नव्हता. त्याच्या ‘मॅक फ्लेक्नो’त कवी थॉमस शॅडवेलची यथेच्छ टवाळी आहे. पण १६९३मध्ये ज्युव्हेनल आणि पर्शियस यांच्या अनुवादांना जोडलेल्या दीर्घ प्रस्तावनेत तो लॅम्पूनला धोक्याचे आणि बहुतांशी गैर हत्यार ठरवतो. दुसऱ्याच्या लौकिकावर आपला नैतिक हक्क नाही, हे त्याचे कारण. सवलती तो दोनच मांडतो: आपल्यावर तसाच वार झाला असेल तर, किंवा ती व्यक्ती साऱ्या समाजालाच उपद्रव ठरली असेल तर. पहिलीबद्दल तो स्वतःच साशंक आहे.

म्हणून मी नाम सोडून क्रियापदाकडे वळते: ‘रेवडी उडवणे’. मराठीत ते एकटे उभे राहत नाही. ‘कोणाची?’ हा प्रश्न लगेच येतो, आणि उत्तर दिल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. ‘विडंबन’ म्हटले की हा प्रश्न टाळता येतो. ड्रायडनला तो टाळता आला नव्हता.